बटा अकरा

कुणाच्याही घरी गेले की आत पाऊल टाकायच्या आधी मी दारातल्या चपला मोजते. मग दारामागच्या खुंट्या, मग मोरीपाशी ठेवलेले दात घासायचे ब्रश. यजमानीण बसा-बसा म्हणत असते आणि माझ्या डोक्यात चाललेलं असतं की इथे चौघं राहतात, पाचवं अधूनमधून येऊन जातं. नवरा म्हणतो, तू पोलिसात जायला हवी होतीस. गेले असते तर बरं झालं असतं, निदान पगारी खोड झाली असती. ही खोड मला सुमनमावशींनी लावली.

हैदराबादेत हिमायतनगरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी बसते. मुलांच्या फीमाफीचे अर्ज माझ्याच टेबलावरून पुढे जातात. नोकरदारांच्या मुलांचं सोपं असतं, पगाराची स्लिप जोडली की झालं. पण वडील ऑटो चालवतात, आई घरी शिवण करते, किंवा मुलगीच सकाळी शिकून दुपारी कुठे शिकवण्या घेते, अशांच्या अर्जात उत्पन्नाच्या पुराव्यासमोर जागा मोकळी असते. ती मोकळी जागा बघितली की मला मावशींचं एक वाक्य ऐकू येतं. "कागद नसंल तर घराला विचार की."

सुमन इंगोले हे त्यांचं नाव. मूळच्या परभणीकडच्या, लग्न होऊन हैदराबादेत आलेल्या. आमचं नातं काही नव्हतं. माझी आई नांदेडची, दोघी मलकपेठेतल्या एकाच विहारात वंदनेला जायच्या, तेवढ्यावर त्या मावशी झाल्या. गल्लीतले मुसलमान त्यांना सुमन आपा म्हणत, तेलुगू बाया सुमनम्मा म्हणत. उंच, हाडकुळ्या, मनगटात पुरुषी घड्याळ. ते इतकं सैल होतं की हात वर केला की कोपरापर्यंत घसरायचं. आणि कमरेला, बायका किल्ल्यांचा जुडगा खोचतात तिथे, चामड्याच्या गोल डबीतली मोजायची टेप.

वॉर्ड ऑफिसात त्या रोजंदारीवर होत्या. काम एकच. घरपट्टी लावायला बिल कलेक्टर घरं मोजत निघाला की टेपचं दुसरं टोक धरायचं. पहिलं टोक साहेबाच्या हातात, आकडा साहेब वाचणार, वहीत साहेब लिहिणार. मावशींनी फक्त चौकटीशी टोक दाबून उभं राहायचं आणि टेपेला झोळ पडू द्यायचा नाही. तीस वर्षं त्यांनी हे केलं. मग मोजायला यंत्र आलं. त्यातून समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि आकडा आपोआप दिसतो, दुसऱ्या टोकाला माणूस लागत नाही. मावशींचं नाव कायम यादीत नव्हतंच, त्यामुळे पेन्शनही नाही. त्यांनी आपल्या घरासमोर पत्र्याखाली एक बाकडं टाकलं आणि लोकांचे अर्ज भरायला बसल्या.

येणारे सगळे बिनपगारी. कुणाला सरकारी योजनेतलं घर हवं, कुणाला घरपट्टीत सूट, कुणाच्या लेकराला फीमाफी. अर्ज वेगवेगळे, पण सगळ्यांत दोन प्रश्न ठरलेले, तुम्ही कमावता किती आणि घरात राहतात किती. पहिल्याचं उत्तर मावशी लोकांवर सोडायच्या. दुसऱ्याचं मात्र त्या स्वतः बघून यायच्या. चौकशीला सरकारी माणूस यायच्या आधी मावशींची चौकशी व्हायची, असा गल्लीचा रिवाजच पडला होता. कारण अर्जावर पंच म्हणून गल्लीतल्या कुणाची तरी सही लागते, आणि मावशींची सही असली की चौकशीवाले फारसे खोदत नसत.

त्या यायच्या, आत येत नसत. उंबऱ्यावर थांबून डाव्या हाताचा तळवा चौकटीवर ठेवायच्या आणि डोळे अर्धवट मिटायच्या. चहाला उकळी यायला लागतो तेवढा वेळ. मग आकडा सांगायच्या आणि तो अर्जातल्या आकड्याशी जुळला तरच सही करायच्या.

अफझलगंजात पंखे दुरुस्त करणारे ख्वाजाभाई आमच्या गल्लीत एका पोर्शनमध्ये, म्हणजे घराच्या एका भागात, भाड्यानं राहायचे. घरासाठीच्या अर्जात त्यांनी पाच माणसं लिहिली होती. मावशी उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, नऊ. ख्वाजाभाई आधी हसले, मग चिडले, मग खुर्ची आणून तिच्यावर बसले. मावशींनी शांतपणे दाखवलं. खुंट्यांवर टॉवेल नऊ, त्यातले दोन लहान मुलांच्या हाताला येतील इतक्या खाली. साबणाच्या वड्या दोन, म्हणजे चुली दोन. शेवटी ख्वाजाभाई खालच्या आवाजात म्हणाले, "हौ आपा. साले के बाल-बच्चे हैं. कहाँ जाते बिचारे." मावशींनी पाचाचे नऊ केले आणि सही केली. आणि गंमत म्हणजे नऊ लिहिल्यामुळे त्यांचं काहीच बिघडलं नाही.

तेव्हा मला वाटायचं, ही सगळी नजरेची करामत. तीस वर्षं लोकांच्या घरात शिरलेल्या बाईला खुंट्या वाचता येणारच. आमच्या घरात देव नाहीत, तर भुतं कुठून असणार? वडील गेले तेव्हा आईनं फोटोपुढे मेणबत्ती लावली, त्यापलीकडे काही केलं नाही. मावशीही त्याच वळणाच्या. त्या म्हणायच्या, "भूतबीत काही नसतंय, सुजे. राहणारं असतंय न् नसतंय, एवढंच."

आमच्या घरी त्या आल्या ते मी बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला असताना. फीमाफी मिळाली नसती तर माझं कॉलेज तिथेच संपणार होतं आणि मी आईसोबत काज-बटणं करत बसले असते. आई ब्लाउज शिवायची. दुकान नाही, पाटी नाही, पावती नाही. चौकशीचा माणूस आधी एकदा येऊन म्हणून गेला होता की बाई काही कामधंदा करत असल्याचा पुरावा नाही, मग उत्पन्न शून्य धरू की लाख, तुम्हीच सांगा. आई घाबरली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की माणसं जास्त दाखवली की काम होतं, म्हणून तिनं नांदेडच्या माझ्या मामेभावाचंही नाव अर्जात घातलं होतं.

मावशींनी चौकटीवर हात ठेवला, दोन म्हणाल्या आणि मामेभावाच्या नावावर रेघ मारली. आईनं रडून पाहिलं, त्यांच्यावर परिणाम झाला नाही. मग मात्र त्या कधी नव्हे ते आत आल्या, जमिनीवर बसल्या आणि शिलाई मशीन बाजूला सरकवायला सांगितलं. खाली शहाबादी फरशीत मशीनच्या पायांचे चार खळगे पडले होते. आम्ही रोज तिथे झाडत होतो, पण ते कधी पाहिले नव्हते. फरशीच्या फटींत रंगीबेरंगी दोऱ्यांचा काला घट्ट बसला होता. चौकशीचा माणूस पुन्हा आला तेव्हा मावशींनी त्याला टेपेचं एक टोक धरायला लावलं आणि खळग्यांची खोली मोजून लिहून घ्यायला लावली. एवढा खळगा पडायला किती वर्षं बाईनं पाय मारला असेल याचा हिशोब तुम्ही करा, असं त्याला तेलुगूत सांगितलं. तो माणूस तरुण होता, भला होता. हसला आणि त्यानं लिहिलं की स्वयंरोजगार, शिवणकाम. माझी तीन वर्षांची फी त्या खळग्यांनी भरली.

तेव्हापासून मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या बाकड्यावर जाऊन बसायला लागले. अर्जांची कार्बन प्रत करायची, लोकांचे फोटो चिकटवायचे. मोजायलाही त्यांनीच शिकवलं. आधी वस्तू बघ म्हणायच्या, मग वस्तू सोडून दे. वस्तू सोडून द्यायचं म्हणजे काय, ते मला बरेच दिवस कळलं नाही. मग एकदा एका रिकाम्या पोर्शनच्या चौकटीवर हात ठेवला आणि आतून काहीच आलं नाही. विहिरीत खडा टाकावा आणि आवाज येऊ नये तसं. मी हात पटकन काढून घेतला. मावशी बघत होत्या. 

त्यांच्या स्वतःच्या दारात चपलांचे दोन जोड असत. एक त्यांचा रबरी, एक पुरुषी चामड्याचा, काळा, पॉलिश केलेला. दुपारी त्या दोन कप चहा ओतायच्या. एक स्वतः प्यायच्या, दुसरा आत खिडकीजवळच्या कोपऱ्यात ठेवायच्या आणि तासाभरानं गार झालेला तोही स्वतःच प्यायच्या. साखरेचे पैसे पडलेत म्हणायच्या. त्यांचे यजमान, इंगोलेकाका, पूर्वीच बेपत्ता झाले होते एवढं मला ठाऊक होतं. एकटी बाई, दारात पुरुषाच्या चपला असलेल्या बऱ्या, असा मी साधा अर्थ लावला होता. पण एकदा गल्लीत मोची आला. मावशींनी तो काळा जोड दिला. मोचीनं तळ उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "गए साल तो नया तला डाला था, आपा. साहब बहुत चलते क्या?" मावशी म्हणाल्या, हौ, पहिल्यापासून फिरतीचं काम. आणि मी कार्बन कागद सरळ करत राहिले.

मंगलची गोष्ट मला लिहायची नव्हती. पण ती गाळली तर मावशी अर्ध्याच राहतील.

देगलूर-उदगीरकडच्या चार मुली आमच्या गल्लीत खोली घेऊन शिकत होत्या. वसतिगृहात जागा नव्हती. बाहेर खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांना भाड्यासाठी मदत मिळते, तिचे अर्ज त्यांनी भरले होते. मी मावशींबरोबर गेले. दारात चार जोड, भिंतीशी चार पेट्या, चार ताटं. मी आपली मनात चार म्हणून मोकळी झाले. मावशींनी चौकटीवर हात ठेवला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग म्हणाल्या, "तीन."

मंगल खाटेवर बसून केस विंचरत होती. ती हसली. "न् मी, मावशी? मी काय भूत हाय का?" मावशींनी तिच्याकडे पाहिलं. तुम्ही कुणाला हाक मारावी आणि त्यानं दुसरीकडून ओ द्यावी, तशा त्या गोंधळल्या. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला, नीट जेवत जा म्हणाल्या, आणि सही न करताच निघाल्या.

बाकीच्या मुली माझ्यावर तुटून पडल्या. चौघींचे अर्ज एकाच खोलीचे, एक अडला की सगळे अडले. मी मावशींशी कडाकडा भांडले. समोर बसलेली पोरगी तुम्हाला दिसत नाही का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, दिसती की. दिसतं ते मोजायला चौकशीवाला आहेच. पुढच्या सुट्टीला मी त्यांच्या बाकड्याकडे फिरकले नाही. नवव्या दिवशी मंगलला ताप भरला. ती गावाकडे गेली आणि तिकडच्या दवाखान्यातून परत आली ती फक्त बातमी.

मावशींनी मग तीन मुलींच्या अर्जांवर सही केली. मी स्वतःला खूप वेळा सांगितलं आहे की मुलीचे डोळे पिवळे पडले असतील, मावशींना अनुभवानं ते दिसलं असेल. तसंच असेल. पण गल्लीनं तसं धरलं नाही. बाया लेकरांना मावशींच्या दारावरून न्यायच्या बंद झाल्या. कुणी त्यांना घरी बोलावेना. सही हवी असेल तर अर्ज बाकड्यावर ठेवून लांब उभे राहायचे. मीही दोन महिने गेले नाही. मला भीती वाटली होती, आणि भीतीपेक्षा राग आला होता. कळलं होतं तर सांगितलं का नाही? शेवटी जाऊन तेच विचारलं. त्या अर्जांना टाचण्या लावत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मला मोजता येतंय, सुजे. राखता येत नाही."

त्यानंतर कुणाच्याही घराचा आकडा त्यांनी तोंडानं सांगितला नाही. कागदावर लिहायच्या आणि घडी घालून द्यायच्या.

माझं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं. मलकपेठेला आईकडे गेले की मावशींकडे डोकावायचे. त्यांच्याकडचं काम आटत गेलं, कारण आता अर्ज फोनवरून भरले जातात आणि पंचाची सही फारशी कुणी मागत नाही. मागची खोली त्यांनी शेजाऱ्याला विकून टाकली. मध्ये विटांची भिंत आली आणि पुढची एकच खोली उरली. मग एक दिवस आईनं फोन केला की सुमनच्या दारावर वॉर्ड ऑफिसचा कागद चिकटवलाय. कैक वर्षांची घरपट्टी थकली होती. ती भरा, नाहीतर दाराला सील.

मी अर्ज घेऊनच गेले. एकटी राहणारी बाई, स्वतःचं लहान घर, पगार-पेन्शन काही नाही, तिला जुन्यासकट सगळी घरपट्टी माफ होते. मावशींनी स्वतः अशा कितीतरी बायांचे अर्ज भरले होते. त्यांनी फक्त दोन रकाने भरायचे होते. राहणारी माणसं, एक. आणि नवऱ्याच्या नावापुढे, मयत.

त्यांनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. मी समजावलं, ओरडले, हात जोडले. या वयात कुठे जाणार विचारलं. त्या म्हणाल्या, उभ्या आयुष्यात कुठल्या कागदावर एक लिहिलं नाही. रेशन कार्डावर दोन, जनगणनेला दोन, मतदार यादीत दोन. आणि मग पहिल्यांदा त्यांनी मला काकांचं सगळं सांगितलं.

इंगोलेकाका त्याच वॉर्ड ऑफिसात बिल कलेक्टर होते. एका दुपारी जेवून घरं मोजायला म्हणून निघाले. टेप घरीच विसरली. मावशी टेप घेऊन मागे धावल्या तर गल्लीच्या टोकाला कट्ट्यावर त्यांची मोजणीची वही ठेवलेली, उघडी. काका नाहीत. मुसी नदीच्या काठापर्यंत पोलिसांनी शोधलं. ते ना जिवंत सापडले ना मेलेले. वहीत शेवटची नोंद त्याच दुपारची, शाई ओली होती म्हणे. सात वर्षांनी ऑफिसानं सांगितलं, मेले म्हणून लिहून द्या, त्यांच्या जागी कायम करतो. मावशींनी लिहून दिलं नाही. रोजंदारीवर तेच टेपेचं टोक धरलं.

"मोजलं नाही तर लिहू कसं?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पेटीतून ती वही काढली. शेवटच्या पानावर सुवाच्य मराठी अक्षर होतं. आमच्या गल्लीत घरनंबराचा पुढचा भाग सगळ्यांना सारखा आहे, फरक फक्त शेवटच्या बटाचा. काकांनी लिहिलं होतं, बटा अकरा. लांबी अठरा फूट, रुंदी अकरा फूट चार इंच. राहणारे, एक. आणि त्या काळी आमची गल्ली बटा सातला संपत होती.

मावशींनी तीस वर्षं हे घर शोधलं होतं. टेपेचं टोक धरून आख्खं मलकपेठ पालथं घातलं, ते त्यासाठी. जिथे हे माप निघेल तिथे काका शेवटचे गेले, असा त्यांचा हिशोब. टेपच घरी राहिली होती तर काकांनी मोजलं कशानं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, हेच तर मला त्यांना विचारायचंय.

मी अर्ज तिथेच ठेवून परतले. घरपट्टी स्वतः भरावी असंही मनात आलं, पण मावशींनी ते घेतलं नसतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही तेवढे नव्हते.

तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. सुजे, ये. एवढंच. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. दुपारचे तीन वाजले होते, ऊन कडक, गल्लीत कुणी नाही. वॉर्ड ऑफिसची माणसं सगळ्या दारांवर नवीन निळ्या पाट्या ठोकून गेली होती. गल्लीतल्या मोठ्या घरांचे तुकडे पडले होते, आठ, नऊ, दहा असे नवे बटा झाले होते. मावशींनी मागची खोली विकल्यामुळे त्यांचा जुना नंबर तिकडे गेला होता आणि उरलेल्या पुढच्या खोलीला नवा पडला होता. त्यांच्या दारावर पाटी होती, बटा अकरा.

मावशी आत खुर्चीवर बसल्या होत्या. चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. त्यांनी कमरेची टेप काढून पहिलं टोक माझ्या हातात दिलं आणि स्वतः उठून दुसरं टोक चौकटीशी दाबून धरलं. मी मागच्या भिंतीपर्यंत गेले. ती भिंत तीन वर्षांपूर्वी बांधलेली. त्याआधी तिथे भिंत नव्हतीच, पुढची-मागची खोली आरपार होती. मी आकडा वाचला. अठरा फूट. रुंदी मोजली. अकरा फूट चार इंच. टेप माझ्या हातात जराशी सैलावली. मावशी म्हणाल्या, झोळ पडू देऊ नको.

त्या पुन्हा खुर्चीवर बसल्या. "मी गावभर हिंडले," म्हणाल्या, "न् हे आपलंच घर मोजून गेलते." मग मला सांगितलं की उंबऱ्यावर जा आणि नीट मोज.

इथे मला एक कबूल करायचं आहे. ती खोड लागल्यापासून त्यांच्या दारात जितक्यांदा उभी राहिले तितक्यांदा माझ्या हाताला दोन लागले होते. मी कुणाला बोलले नव्हते. नवऱ्याला नाही, आईला नाही. त्या दुपारी मी चौकटीवर तळवा ठेवला, डोळे अर्धवट मिटले आणि थांबले. आतून आलं ते एकच. आलं ते खिडकीजवळच्या कोपऱ्यातून, जिथे दुसरा कप असायचा. समोर खुर्चीवर बसलेल्या मावशी मला मोजता आल्या नाहीत. डोळ्यांना दिसत होत्या, घड्याळ कोपरापर्यंत घसरलेलं, पदर नीट. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मला मंगल आठवली, खाटेवर केस विंचरणारी.

"किती?" मावशींनी विचारलं.

मी म्हणाले, "एक."

"हौ," त्या म्हणाल्या. "यांनीबी तेवढंच लिवलंय."

कुठला एक, ते त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं त्यांना माझ्याआधीच लागलं होतं. त्यांनी अर्ज मांडीवर घेतला आणि स्वतःच्या हातानं, सावकाश, राहणारी माणसं, एक, असं लिहिलं. नवऱ्याच्या नावापुढचा रकाना भरायच्या आधी क्षणभर कोपऱ्याकडे पाहिलं, विचारून घ्यावं तसं, आणि तोही भरला. पंच म्हणून सही करायला मला सांगितलं. मी केली. आयुष्यात एखाद्या कागदावर खरं लिहून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. आज इथेच राहते म्हणाले तर त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. अर्ज आजच ऑफिसात दे, साडेपाचला खिडकी बंद होतीय, म्हणाल्या.

अर्ज मंजूर झाला. सगळी माफ. तो कागद माझ्याकडेच आहे, कारण तो हातात पडायच्या चार दिवस आधी मावशी गेल्या. दुपारी चहा ओतता ओतता गेल्या. आईनं सांगितलं, दोन कप भरलेले होते आणि दोन्ही गार.

पण मला त्या दिसतात त्या अर्जाच्या दुपारच्या. मी निघाले, गल्लीच्या टोकाशी आले, काकांची वही जिथे सापडली होती त्या कट्ट्यापाशी, आणि मागे वळून पाहिलं. मावशी दारात उभ्या होत्या. नव्या निळ्या पाटीखाली, टेपेचं टोक चौकटीशी दोन्ही हातांनी दाबून, नजर आतल्या अंधाराकडे. टेप त्यांच्या हातातून आत गेलेली होती, सरळ, ताणलेली. तिला जरासुद्धा झोळ नव्हता.